‘चालत नाही’ म्हणायचं नाही

माझ्या आयुष्यात मला दोन माणसांनी बुडवलं. पहिल्यानं ठरवून बुडवलं, आणि त्याच्यावर माझा राग नाही. टँकरच्या धंद्यात मोठा मासा लहान माशाला गिळतो, त्यात रागवण्यासारखं काय आहे? मला संधी मिळाली असती तर मीही गिळलं असतं. दुसरे आमचे सर. त्यांनी मला तोंड मिटून बुडवलं. त्यांच्यावरचा राग ते गेले तरी गेलेला नाही.

सरांचा क्लास औरंगपुऱ्यात होता, एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वर. अरुंद जिना, वर एक लांबट खोली, भिंतीला लागून जुने कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात माठ. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस लोकांना कॉम्प्युटरची भाषा शिकवायचा. पायथन तिचं नाव. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, डोक्यावर एप्रिलपासून जूनपर्यंत ओला रुमाल आणि वरच्या खिशात एक छोटी बॅटरी. ही बॅटरी अंधारासाठी नव्हती. विद्यार्थ्याच्या कीबोर्डला किंवा पडद्याला सर कधी बोट लावत नसत. मागं उभे राहायचे आणि पडद्यावर जी चूक उमटली असेल तिच्या शेवटच्या ओळीवर बॅटरीचा उजेड मारायचे. भर दुपारी, दिवे चालू असताना.

“वाच.”

“सर, पण वरती एवढं सगळं...”

“वरचं नंतर. शेवटची ओळ आधी. मोठ्यानं.”

वर्गात एक वाक्य बोलायला बंदी होती: ‘चालत नाही’. कुणी चुकून म्हणालं की सर पंखा बंद करायचे. मे महिन्यात. “चालत नाही ही तक्रार झाली. ते काय म्हणाले, ते सांग.” ते म्हणजे कॉम्प्युटर. आम्हा सगळ्यांना अरे-तुरे, आणि त्या धुळकट डब्याला अहो-जाहो. “त्यांनी तुला स्पष्ट सांगितलंय, काय सापडलं नाही ते. तूच ऐकत नाहीस.”

सर सायकल घेऊन यायचे, पण मी त्यांना कधी तिच्यावर बसलेलं पाहिलं नाही. गुलमंडीच्या गर्दीतून हातात धरून चालवत आणायचे. मी एकदा विचारलं, सर, बसत का नाही?

“ब्रेक नाहीत.”

“मग दुरुस्त करून घ्या की.”

“कशाला? मी बसतच नाही.”

आता अशा माणसाशी कुठून बोलायला सुरुवात करणार?

मी तिथं का गेलो ते सांगतो. माझं गाव दौलताबादच्या किल्ल्याखाली. घरात मेंढरं. शाळा दहावीपर्यंत झाली, मग ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग स्वतःचा एक जुना टँकर. शहर तेव्हा चहूकडं पसरत होतं. देवळाई, सातारा परिसर, पडेगाव, जिथं आम्ही मेंढरं चारली तिथं सहा मजली इमारती. इमारतींना नळ होते, नळांना पाणी नव्हतं. त्यात दुष्काळाची वर्षं लागोपाठ आली. एकाचे तीन टँकर झाले, आणि माझ्या फोनला उसंत मिळेना. “आमचा नंबर होता, आधी त्यांच्याकडं कसा गेला?” “कालपासून सांगतोय हो!” शिव्या खाऊन खाऊन मी पुण्याच्या एका पोराकडून नंबर लावायचा प्रोग्राम करून घेतला. त्यानं अर्धवट काम करून फोन उचलायचं बंद केलं. तेव्हा ठरवलं, मीच शिकतो. दुसऱ्याच्या विहिरीवर पोहरा टाकायची मला सवय नाही.

पहिल्या दिवशी मी फी घासली. मी सगळीकडं घासतो. बाप मेंढरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचा आणि मी शेजारी उभा राहून बघायचो. त्यानं एकच गोष्ट शिकवली: सौद्यात आधी बोलेल तो हरतो. मी फीचा आकडा ऐकला आणि गप्प बसलो. सरही गप्प. बराच वेळ आम्ही दोघं माठाकडं बघत होतो. शेवटी सरच म्हणाले, “कमी करतो. पण मग तुला उत्तरं मिळणार नाहीत. फक्त प्रश्न मिळतील.”

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. सौदा जिंकला म्हणून खुशीत मी हो म्हणालो. माठातलं पाणी मागितलं तर सरांनी पेला अर्धा भरून दिला. “उरलेलं मागून घे. लोक भरलेला पेला अर्धा टाकून देतात.” पाणी विकणाऱ्याला पाणी मोजून देणारा मला पहिल्यांदाच भेटला.

थट्टा नव्हती. तिथं पूर्ण फी भरणारी एक मुलगी होती, तिला एकदा हळूच विचारलं, तुला तरी सांगतात का? ती म्हणाली, “दादा, मला पण नाय सांगत. त्या दिवशी मी रडले तर म्हणले, रडून झाल्यावर शेवटची ओळ वाच.” म्हणजे दुकानात माल एकच, आणि मी सूट मिळाली म्हणून मिशीला पीळ देत होतो.

पायथनमध्ये मॉड्यूल म्हणून एक प्रकार असतो. दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं काम. आपण त्याचं नाव घेऊन बोलवायचं, की ते येऊन आपल्या प्रोग्रामात राबतं. तक्ते करणारं एक, नकाशाचं एक, असे हजारो. मी पहिलं बोलावलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. शेवटच्या ओळीत, या नावाचं मॉड्यूल नाही. मी नाव तपासलं, बरोबर. पुन्हा चालवलं, तेच. दहा वेळा तेच बटण दाबलं. मग टेबलावर मूठ मारली. शेजारचा कॉम्प्युटर बंद पडला.

मागून बॅटरीचा उजेड आला.

“काय म्हणतायत?”

“न्हाई म्हणतंय. आहे तरी न्हाई म्हणतंय!”

“कुठं शोधलं त्यांनी?”

“मला काय माहीत, कुठं शोधलं?”

“तुझा ड्रायव्हर घर सापडलं नाही म्हणून भरलेला टँकर परत घेऊन आला, तर तू त्याला काय विचारतोस?”

“शिव्या देतो.”

“त्यानंतर?”

“...कुठं कुठं गेला हुतास, ते विचारतो.”

“हं. तेच यांना विचार.” आणि सर गेले माठाला ओलं फडकं गुंडाळायला.

कसं विचारायचं ते सांगितलं नाही. तीन दिवस मी त्या एका गोष्टीपायी धंदा सोडून बसलो. शेवटी सापडलं. कॉम्प्युटर मॉड्यूल शोधायला ठरलेल्या जागांवरच जातो, त्या जागांची नावं विचारली की सांगतो. आधी आपल्याच फोल्डरमध्ये बघतो, मग बाकीच्या. माझं मॉड्यूल या जागांपैकी कुठंच नव्हतं, मी ते भलतीकडं उतरवून ठेवलेलं. हे सांगायला सरांना अर्धं मिनिट लागलं असतं. मी तसं म्हणालो, तर म्हणाले, “मला अर्धं मिनिट, तुला तीन दिवस. पण आता ते तुझं आहे.”

ठीक आहे. तिथवर मीही हसून सांगत असे.

आता खरी गोष्ट. आमच्या भागात टँकरचा एक मोठा मालक होता. शहराबाहेरच्या भरायच्या विहिरी बहुतेक त्याच्या हातात. त्यानं निरोप धाडला: तुझ्या गाड्या माझ्या नावाखाली लाव, नाहीतर विहिरीवर येऊ नको. त्याच सुमारास बायपासच्या पलीकडच्या एका मोठ्या वसाहतीनं सगळ्या उन्हाळ्याचं पाणी एकाच माणसाला द्यायचं ठरवलं. ते काम मिळालं असतं तर मी स्वतःची विहीर भाड्यानं धरली असती आणि माझ्या गाड्यांवर माझंच नाव राहिलं असतं. माझ्याजवळ मोठ्या मालकाइतक्या गाड्या नव्हत्या, पण माझा प्रोग्राम तयार होता. सकाळी प्रत्येक इमारतीच्या फोनवर त्या दिवसाचा नंबर जायचा. भांडणाला जागाच नाही. वसाहतीच्या अध्यक्षबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यांना ते फार आवडलं. फक्त कमिटीतल्या एकानं अट घातली, “तुमच्या लॅपटॉपवर नको हो. तिथं तुम्ही रामायणसुद्धा दाखवाल. आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवा.”

मी म्हणालो, दाखवतो. आदल्या दिवशी जाऊन त्या कॉम्प्युटरवर मॉड्यूल उतरवलं. उतरलं म्हणून पडद्यानं कबूलही केलं.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. मोठ्या मालकाचा माणूसही बोलावलेला, कोपऱ्यात चहा पीत. मी प्रोग्रामवर क्लिक केलं. लाल अक्षरं. या नावाचं मॉड्यूल नाही.

मॉड्यूल पुन्हा उतरवायला गेलो, तर कॉम्प्युटर म्हणतो, ते आधीपासूनच आहे. प्रोग्राम चालवला, तर तोच कॉम्प्युटर म्हणतो, ते नाही. एका तोंडानं आहे, एका तोंडानं नाही. कोपऱ्यातला बोलला, “मालक, पानी टँकरनं येतंय. कॉम्प्युटरनं न्हाई.” कमिटी हसली. अध्यक्षबाई हसल्या नाहीत, त्यांनी घड्याळ बघितलं. ते जास्त लागलं.

बाहेर जाऊन सरांना फोन लावला.

“सर, अर्जंट आहे. आहे म्हणतंय आणि न्हाई पण म्हणतंय.”

“शेवटची ओळ वाच.”

वाचली.

“कुठं शोधलं त्यांनी?”

“सर, पाया पडतो. आज शाळा नको. कमिटी बसलीय, माझ्या गाड्या जातील. उत्तर सांगा!”

सर म्हणाले, “तू भरलीस ती टाकी कोणती, आणि नळ कोणत्या टाकीचा, एवढं बघ.”

मी फोन कापला. घसा कोरडा पडलेल्याला हा माणूस कोडं घालत होता.

काम मोठ्या मालकाला मिळालं. “पुढच्या वर्षी बघू,” अध्यक्षबाई म्हणाल्या. चांगल्या बाई होत्या.

माझा लॅपटॉप राहिला होता तो आणायला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथं गेलो. ऑफिसात कुणी नव्हतं, म्हणून त्या कॉम्प्युटरपुढं बसलो आणि त्याला विचारलं, बाबा, कुठं शोधलंस? त्यानं सांगितलं. त्या कॉम्प्युटरवर पायथन दोन होते. एक कधीतरी कुणीतरी घालून ठेवलेला जुना, एक नवा. मी मॉड्यूल उतरवलं ते नव्यात. क्लिक केलं की उघडायचा तो जुना. भरली एक टाकी, नळ दुसऱ्या टाकीचा. सरांनी सांगितलं ते शब्दशः खरं होतं. म्हणजेच त्यांना माहीत होतं. ‘दोन पायथन आहेत, नवा उघड’, इतकं बोलले असते तर माझ्या गाड्या वाचल्या असत्या.

तिथून थेट औरंगपुऱ्यात गेलो. सर एकटेच होते. मी जे बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. खालचा दुकानदार जिन्यात येऊन उभा राहिला. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सांगितलं असतं तर काल चाललं असतं. पण उद्या?”

“माझा उद्या कालवरच होता, सर!”

यावर त्यांच्याकडं प्रश्न नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं. उठले, माठाकडं गेले आणि पेला काठोकाठ भरून माझ्यासमोर ठेवला. मी तो न पिता उतरलो. पुन्हा तो जिना चढलो नाही. पुढं रस्ता रुंदीकरणात ती इमारतच गेली.

माझ्या दोन गाड्यांवर मोठ्या मालकाचं नाव रंगवलं गेलं. पेंटर माझ्याच दारात बसून रंगवत होता आणि चहाही माझ्याच घरचा पीत होता. मी सगळ्यात जुना, पहिला टँकर तेवढा दिला नाही. गळका होता, त्यालाही नको होता. विहिरीवर त्या एकाला कुणी अडवत नसे.

पुढचा उन्हाळा त्याहून वाईट निघाला. मंडईत एकदा सरांच्या पत्नी दिसल्या. काकू मला ओळखत होत्या, क्लासवर डबा घेऊन यायच्या. त्या म्हणाल्या, “पडेगावला राहतो आता आम्ही, नव्या अपार्टमेंटमध्ये. बोअर आटली रे. निम्मे लोक गावाला निघून गेले.” सरांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पण त्या आठवड्यापासून माझा जुना टँकर दर मंगळवारी त्यांच्या हौदात रिकामा व्हायला लागला. काय म्हणून, ते मलाही नीट सांगता येत नाही. माझ्या मनातला तो भरलेला पेला खाली होत नव्हता, असं म्हणा. आणि खोटं कशाला बोलू, मला एक फोन हवा होता. सरांनी स्वतः फोन करावा आणि म्हणावं, पाणी मिळालं. किंवा म्हणावं, चुकलं माझं. बाकी काही नको होतं.

ड्रायव्हर दर मंगळवारी सांगायचा, “गच्च भरला हौद, मालक. वॉचमन दावतो, आपुन पाइप सोडतो. लोक लई खुश हायेत.”

“म्हाताऱ्या सरांनी काही निरोप दिला?”

“न्हाई जी. म्हातारं दिसतंय कवा कवा, बादली घेऊन. बघतंय आन् जातंय.”

बघतंय आन् जातंय. मला आणखी चीड आली. म्हटलं, ठीक आहे. आधी बोलेल तो हरतो. बघू, किती ताणताय.

मे संपत आला तेव्हा कळलं, सर जिन्यात पडले, दवाखान्यात नेलं, परत आले नाहीत. दहावा-तेरावा झाल्यावर मी गेलो. तिसरा मजला. लिफ्ट बंद. काकू एकट्याच होत्या. भिंतीला ती बिनब्रेकची सायकल टेकवून ठेवलेली, टेबलावर खिशातली बॅटरी.

हात धुवायला मी मोरीत नळ सोडला. नळातून नुसती हवा आली.

“काकू, पाणी नाही? कालच टँकर आला ना?”

“येतो की दर मंगळवारी. तो पुढचा हौद शेजारच्या विंगचा. आमचा मागं आहे, जनरेटरच्या बाजूला.” त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, जणू मला ते माहीतच होतं. “तिकडच्यांनी खालचा नळ वापरू दिला हो, चांगले लोक आहेत. हे तिथून भरून आणायचे. दोन बादल्या सकाळी, दोन संध्याकाळी.”

“तीन मजले?”

“त्या दिवशी भरलेली बादली होती हातात.”

“अहो, मग एक फोन! मला एक फोन नाही करता आला त्यांना?”

“मी रोज म्हणायचे. अहो, त्याला सांगा, नळाला येत नाही म्हणून. मला म्हणायचे, ‘येत नाही’ असं म्हणायचं नसतं. तो विचारेल, पाणी कुठं गेलं म्हणून. शोधेल तो.” काकूंनी पदरानं टेबलावरची धूळ पुसली. “फार विश्वास होता तुझ्यावर. त्या कमिटीच्या दिवसानंतर तर जास्तच. म्हणायचे, माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत यानं एकट्यानंच स्वतः जाऊन शोधून काढलं.”

मी खाली आलो. फाटकाजवळ हौदाचं झाकण, भोवती ओल, ओलीत हिरवं गवत आलेलं. मागं जनरेटरच्या बाजूला दुसरं झाकण, त्यावर कबुतरांची घाण आणि न हललेली धूळ. मध्ये पन्नास पावलंसुद्धा नसतील. पाण्याच्या धंद्यात केस पिकले माझे. नवीन इमारतीत पाइप सोडल्यावर वरचा नळ उघडून बघायचा, हे मी माझ्या क्लीनरला पहिल्या दिवशी शिकवतो. आणि त्यांना हे रोज दिसत होतं. बादली घेऊन त्या हौदापाशी उभे राहून ते बघत होते, तोंडातून एक शब्द काढत नव्हते. असला विश्वास कुणी मागितला होता त्यांच्याकडं? मला फोन हवा होता.

बापानं सांगितलं होतं, आधी बोलेल तो हरतो. दोघंही बोलले नाहीत तर जनावर दावणीलाच मरतं, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

मी ड्रायव्हरला फोन केला, असशील तिथून भरलेला टँकर घेऊन ये म्हणालो. मागच्या हौदाचं झाकण आम्ही दोघांनी पहारीनं उचकटलं. पाइप सोडला. मोटर लावली आणि मी तिसऱ्या मजल्यावर धावत गेलो, नळ उघडा ठेवून उभा राहिलो. आधी हवा, मग तांबडं गढूळ, मग हळूहळू स्वच्छ धार. काकू मागून आल्या. धारेखाली त्यांनी एक पेला धरला, अर्धा भरला आणि नळ बंद केला.

“पुरे रे,” त्या म्हणाल्या. “मला एकटीला कितीसं लागतं?”

खाली ड्रायव्हर दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता, “मालक, आलं का पानी वर? ओ मालक! आलं का न्हाई? बोला की!”